हलकी दोन सीटची स्पोर्ट्स कार रोजच्या वापराला खानदेशात चालेल का?

सावदेकर
नमस्कार मंडळी. घर सावद्याला, दुकान भुसावळला. ठिबक, पाइप, पाण्याच्या मोटारी असा धंदा. रोजचं जाणं-येणं. घरात सात सीटर डिझेल आहे, ती वडिलांच्या आणि शेतीच्या कामाच्या वाट्याला गेलेली. आता एक गाडी फक्त माझ्यासाठी घ्यायचीय, आणि या वेळी मनासारखी. मनासारखी म्हणजे लहान, हलकी, दोन सीटची, गिअर हाताने टाकायचा. पॉवरचं वेड नाही. तीनशे हॉर्सपॉवर घेऊन मी तापीच्या पुलावर करू काय?

लंडनला भाच्याकडे गेलो होतो तेव्हा माझदा एमएक्स-५ दोन दिवस भाड्याने घेतली होती. तेव्हापासून डोक्यात तेच. इथे काय मिळू शकतं याचा शोध घेऊन राहिलोय. तीन रस्ते दिसतात. एक, बाहेरून जुनी एमएक्स-५ आणायची. दोन, मुंबईतली एखादी जुनी पोर्श बॉक्सस्टर. तीन, गोव्याकडे एक सॅन स्टॉर्म विकायला आहे असं कळलंय. ही आपल्याकडे नव्वदीच्या शेवटी सॅन मोटर्सने बनवलेली दोन सीटची गाडी. फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. कोणाला आठवते का?

कोणतीही घेतली तरी ती रोज वापरायचीय. रविवारी पुसून परत झाकून ठेवायची गाडी मला नको. उपदेश चालेल, फक्त 'फॉर्च्युनर घ्या' असं कोणी लिहू नका.

बिबडे
फॉर्च्युनर घ्या.

अण्णा_पारोळा
गाडी भारी शे भाऊ, पन बठशी कशी आनि उठशी कशी?

कागदपत्रं
पहिला रस्ता आत्ताच बंद करून टाका म्हणजे डोक्याला ताप नाही. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती बनवल्यापासून तीन वर्षांच्या आतली लागते, स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि ती मुंबई बंदरातूनच आली पाहिजे. त्यावर सीमाशुल्क. म्हणजे इंग्लंडात स्वस्तात मिळणारी वीस-पंचवीस वर्षांची एमएक्स-५ कायद्याने इथे येऊच शकत नाही. आणि माझदाची मोटार आपल्याकडे अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही.

एक इशारा. कोणी म्हणालं की 'कार्नेटवर आलेली आहे, करून देतो सगळं', तर फोन ठेवा. कार्नेटवरची गाडी फिरवून ठराविक मुदतीत परत न्यायची असते. तिची इथे विक्री नाही, इथलं पासिंग नाही. कस्टमवाले उचलून नेतात आणि पैसे देणारा बोंबलत बसतो.

सावदेकर
धन्यवाद भाऊ. एक खर्च वाचला.

नॉर्विचकर
मूळ अमळनेर, आता बरीच वर्षं इंग्लंडात नॉरफोकला. लोटसचा हेथेलचा कारखाना इथून जवळच, त्यामुळे हलक्या गाड्यांची भक्तमंडळी आजूबाजूला भरपूर. माझ्याकडे स्वतःची एमएक्स-५ आहे आणि ती माझी एकमेव गाडी आहे, म्हणून लिहितो.

रोज वापरता येते का? येते. इथे हजारो लोक वापरतात. १९८९ साली शिकागोच्या मोटार शोमध्ये ती पहिल्यांदा दाखवली आणि २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. निव्वळ हौशी लोकांच्या जिवावर एवढ्या गाड्या खपत नाहीत. पहिल्या पिढीत १.६ लिटरचं साधं इंजिन, वजन साधारण साडेनऊशे किलो. आत्ताची पिढीसुद्धा हजार-साडेदहाशेच्या आसपास. डिकी १३० लिटर. त्यात दोघांच्या आठवड्याच्या भाज्या आणि एक मऊ बॅग मावते. कडक सूटकेस नाही.

हलकेपणाचा खरा फायदा शर्यतीत नाही, रोजच्या खर्चात कळतो. वजन कमी म्हणून टायर अरुंद चालतात, ब्रेकचे पॅड पुरतात, क्लच टिकतो, इंजिन लहान असून भागतं. मजा चाळीस-पन्नासच्या वेगातसुद्धा येते, कारण स्टिअरिंग हातात काहीतरी सांगत असतं. बॉक्सस्टर फार चांगली गाडी आहे, पण तिची मजा सुरू होते तिथे तुमच्या रस्त्यावर केळीचा ट्रक उभा असणार.

आता लोटस एलिस ही त्याच घराण्यातली, पण टोकाची. १९९६ साली आली तेव्हा कंपनी वजन सांगायची सव्वासातशे किलोच्या आसपास. अॅल्युमिनियमचे खांब डिंकाने चिकटवून केलेली चासी. ही चासी दोन्ही बाजूंना इतकी उंच आहे की आत बसताना आधी एक पाय आत, मग बूड, मग दुसरा पाय. पावसात छत्री मिटायची केव्हा हा प्रश्न वेगळाच. पुढचा सगळा भाग म्हणजे फायबरचं एकसंध कवच. पार्किंगमध्ये कोणी कोपरा घासला तर बंपर बदलून सुटका नाही, अख्खं तोंड उतरवावं लागतं. आधीच्या गाड्यांत रोव्हरचं के-सिरीज इंजिन, त्याचं हेड गॅस्केट फुटण्याची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहे. नंतर टोयोटाचं इंजिन आलं आणि त्या बाजूने लोक निवांत झाले. २०२१ मध्ये उत्पादन थांबलं. ज्यांच्याकडे आहे ते जीव टाकतात, पण त्यांच्या दारात बहुतेक दुसरी गाडी असते.

म्हणून माझं मत असं की रोजच्या वापराला 'हलकी' चालते, 'कडक हलकी' चालत नाही. फरक वजनाचा कमी, सोयीचा जास्त.

खानदेशकन्या
इंग्लंडचं ठीक आहे हो, आमच्याकडचं मी सांगते. लग्न झालं तेव्हा नवऱ्याकडे एक जुनी जर्मन रोडस्टर होती, कापडी छताची. कंपनीचं नाव घेत नाही. जळगावात ती आम्ही रोजची गाडी म्हणूनच वापरली, कारण दुसरी नव्हतीच.

छत उघडून गाडी चालवायचा मोसम खानदेशात किती? दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत, आणि तेही सकाळी दहाच्या आत नाहीतर सूर्य कलल्यावर. मार्चपासून जूनपर्यंत दुपारी छत उघडणं म्हणजे तव्यावर बसणं. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो इथे. काळी सीट, काळा डॅशबोर्ड, गिअरच्या दांड्याची धातूची मूठ. मी पर्समध्ये हातरुमाल ठेवायचे तो घाम पुसायला नव्हे, मूठ धरायला. कापड उन्हाने कडक होतं, शिवणी आधी जातात. मागची प्लास्टिकची काच पिवळी पडते आणि मग आरशात फक्त उजेड दिसतो, गाडी दिसत नाही. एसी लहान गाडीचा, पण वर पातळ कापड. मे महिन्यात तो थंड करत नाही, फक्त धीर देतो.

पावसाळ्यात वेगळी तऱ्हा. गाडी इतकी खाली की शेजारून ट्रक गेला की त्याच्या चाकाचं पाणी सरळ काचेवर. वायपर फिरेपर्यंत दोन सेकंद आंधळे. रात्री समोरच्या बोलेरोचा दिवा बरोबर डोळ्यांच्या रेषेत.

आणि लोक! सिग्नलला थांबलं की मोटारसायकलवाला छतावर हात टेकवून विचारणार, 'कितीला पडली?' बाजारात लावली की परत येईपर्यंत बोनेटवर कोणाचं तरी पोरगं फोटोसाठी बसलेलं. वाईट हेतू कोणाचाच नसतो, पण कापडी छताला हात लावायला मनाई आहे हे सांगायचं किती जणांना.

एवढं असून ती विकली तेव्हा मी रडले, हेही लिहिते. सासूबाई मात्र पहिल्यांदा हसल्या. दोन सीटमध्ये सासूला जागा नसते हे त्यांनी मनात ठेवलं होतं.

बिबडे
ताई, हा शेवटचा मुद्दा फायद्यांत धरायचा की तोट्यांत?

खानदेशकन्या
सासूबाई हा धागा वाचतात.

औट्रमघाट
चाळीसगावहून. माझ्याकडे पोलो आहे, १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. पोलो २०२२ मध्ये बंद झाली, पण गाडी अजून जोरात.

सावदेकर भाऊ, एक गंमत बघा. तुम्ही हलकी गाडी शोधताय, आणि आपल्या देशात ती गल्लोगल्ली उभी आहे. २०१८ ला आलेली स्विफ्ट, पेट्रोल, वजन ८५५ ते ८८० किलो. म्हणजे नॉर्विचकरांच्या एमएक्स-५ पेक्षा हलकी. २०२१ नंतरच्या इंजिनाची ताकद ९० पीएस (हॉर्सपॉवरच धरा). टनामागे शंभरच्या वर पीएस पडतात. पहिल्या एमएक्स-५ ला एकशेवीसच्या घरात पडायचे. फार लांब नाही.

नॉर्विचकर
वजनकाटा एकच सांगेल, पण वजन कुठे बसवलंय त्यात सगळं आलं. एमएक्स-५ मध्ये ते पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं आहे, ताकद मागच्या चाकांना जाते आणि तुम्ही मागच्या एक्सलच्या जरा पुढे, जमिनीलगत बसता. स्विफ्टमध्ये इंजिन पुढे, ओढणारी चाकं पुढे, वळवणारीही तीच. वळणात जोरात घातली की नाक बाहेर जातं. स्विफ्ट चांगली आहे, पण ती ते नव्हे.

औट्रमघाट
मान्य. पण ते 'ते' अनुभवायला रस्ता कुठे आहे ते सांगा. सावदा ते भुसावळ सरळसोट रस्ता. वळण म्हणजे खड्डा चुकवायचा तेवढंच. घाट हवा तर आमच्याकडे कन्नडचा औट्रम घाट. २०२३ मध्ये खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना बंदी आली तेव्हापासून सकाळी घाटात माणसासारखं चालवता येतं. किंवा तोरणमाळचा सातपायरी. किंवा पाल गावाकडचा सातपुडा. रोज कोण जातंय तिथे?

निवृत्त_अभियंता
मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त. गाड्यांतलं फार कळत नाही, रस्त्यातलं थोडं कळतं. इथे ग्राउंड क्लिअरन्सबद्दल सगळे नुसता आकडा बोलतात, म्हणून लिहितो.

गतिरोधकाचा इंडियन रोड्स काँग्रेसचा नमुना आहे. रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. म्हणजे तो उंचवटा गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतरापेक्षा लांब असतो. तुमच्या त्या एमएक्स-५ चं हे अंतर २.३१ मीटर. दोन्ही चाकं जेव्हा उंचवट्याच्या दोन बाजूंना सारखी असतात तेव्हा पोटाखाली गतिरोधक किती वर येतो? गणित केलं तर जेमतेम ४ सेंटिमीटर. कारण चाकंसुद्धा उंचवट्यावरच उभी असतात. गाडीचं पोट १३ सेंटिमीटरवर असेल तर ९ शिल्लक राहतात. दोन माणसं बसून स्प्रिंग दबल्या तरी घासणार नाही. उलट लांब गाडीला हाच गतिरोधक जास्त खातो. पावणेतीन-तीन मीटर अंतराच्या गाडीला साडेपाच ते साडेसहा सेंटिमीटर जातात.

मग गाड्या घासतात कशा? कारण आपल्याकडे हा नमुना क्वचित दिसतो. ग्रामपंचायत ठराव करते, अपघात झाला की रात्रीतून डांबराचा ढीग टाकतात, नाहीतर शाळेसमोर सिमेंटची वरवंट्यासारखी पट्टी. रुंदी फूट-दीड फूट. अशा पट्टीच्या दोन्ही बाजूंना चाकं सपाट रस्त्यावर असतात, त्यामुळे तिची पूर्ण उंची पोटाला लागते. ती १४-१५ सेंटिमीटर असेल तर १३ वाली गाडी घासणारच.

दुसरं. तुमचा भाग काळ्या मातीचा. पाणी पडलं की फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. वरचा रस्ता कितीही चांगला केला तरी भराव नीट नसेल तर तो लाटांसारखा होतो. जड गाडीत ती लाट पोटात डुचमळते एवढंच. हलक्या, कडक स्प्रिंगच्या गाडीत ती मणक्यात कळते.

म्हणून मोजा. दुकानापर्यंतच्या रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाची उंची आणि रुंदी. मग गाडी ठरवा. लोक उलट करतात.

सावदेकर
साहेब, हे मी करणार. खरंच करणार.

डॉक्टर_धुळे
मणक्याचा विषय निघाला म्हणून. सावदेकर, वय विचारत नाही, पण कंबर कशी आहे? जमिनीलगतच्या गाडीत रोज दोनदा उतरणं-चढणं हा एक व्यायामच आहे, आणि तो चुकीच्या पद्धतीने केला तर माझ्याकडे यावं लागतं. दार पूर्ण उघडायला जागा नसते, माणूस वळून, एका हातावर भार टाकून उठतो. पस्तिशीत चालतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. हलकी गाडी लवकर थांबते, चटकन वळते, अपघात टाळायला बरी, हे खरं. पण टळला नाही तर? दोन गाड्या समोरासमोर आल्या की हलक्या गाडीचा वेग जास्त झटक्यात बदलतो, आणि झटका शरीराला बसतो. आत्ताची एमएक्स-५ तरी २०१५ च्या युरो एनकॅप या सुरक्षा चाचणीत चार तारे मिळवून आलेली आहे. नव्वदीतल्या फायबरच्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. ती धुळे-जळगाव महामार्गावर, कापसाने वर-बाहेर फुगलेल्या ट्रॅक्टर ट्रॉलीच्या मागे, रात्री, रिफ्लेक्टर नसताना... मी अपघात विभागात बराच काळ काढलाय, मला ते चित्र बघवत नाही. रोही (नीलगाय) आडवी आली तर तिचे पाय बंपरला आणि धड सरळ काचेवर.

औट्रमघाट
डॉक्टर, मग मोटारसायकलवर रोज जाणाऱ्यांना काय सांगणार?

डॉक्टर_धुळे
हेल्मेट घाला. आणि तेही ऐकत नाहीत.

गॅरेजवाला_खडका
भुसावळला खडका रोडला माझं गॅरेज. स्टॉर्म मी एक उघडून पाहिलीय, एका रेल्वेच्या साहेबांकडे होती, बदली होऊन आले होते.

इंजिन साधं. कार्बनमध्ये हात काळे करायची तयारी असलेल्या कोणालाही कळेल असं. पण 'कळतं' आणि 'भाग मिळतो' यात फरक आहे. तेच इंजिन तिकडे रेनॉच्या छोट्या गाड्यांत होतं, आपल्याकडे रेनॉ आली ती नंतर आणि वेगळी इंजिनं घेऊन. त्यामुळे वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, गॅस्केट हे जळगावच्या नवीपेठेत मागितलं तर दुकानदार तुमच्याकडेच बघत बसेल. बाहेरून मागवावं लागतं आणि तोवर गाडी माझ्या शेडमध्ये. रोजची गाडी जॅकवर उभी असेल तर ती रोजची कशी?

फायबरला गंज नाही, हे बरं. पण आत लोखंडी सांगाडा आहे, तो बघा. खालून, टॉर्च घेऊन, टोच्याने टोचून. समुद्राकाठची गाडी असेल तर दहा वेळा टोचा. फायबरच्या बॉडीत सूर्याने बारीक जाळीसारख्या चिरा येतात, रंगाखाली लपवतात. नखाने घासून बघा, नख अडकतं.

अजून एक. आता पंपावर सगळीकडे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्या काळातल्या रबरी पायपा, पंपाचे डायफ्रॅम याला बनवलेलेच नाहीत. आधी सगळ्या पेट्रोलच्या नळ्या बदला, मगच रोज चालवा. गळती बोनेटखाली झाली आणि बॉडी फायबरची असली तर पुढचं मी लिहीत नाही.

कागदपत्रं
स्टॉर्मचा कागदाचा भाग मी पूर्ण करतो.

वीस वर्षांच्या वर गेलेल्या गाडीचं नोंदणी नूतनीकरण ऑगस्ट २०२५ पासून महाग झालंय. मोटारीला १० हजार, आयात केलेल्या मोटारीला ८० हजार. दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवायचा. गोव्याची गाडी असेल तर आधी तिथल्या आरटीओची एनओसी, मग महाराष्ट्राचा कर, मग एमएच-१९ चा नंबर. बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर हे टाळता येत नाही. विकणारा म्हणेल 'चालतं हो, गोव्याच्या नंबरवर'. चालत नाही.

आणि विमा. हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. नुकसान झाल्यावर विमा कंपनी भागांच्या किमतीतून घसारा कापते. फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के, रबर-प्लास्टिकवर ५० टक्के, काचेवर शून्य. आता ज्या गाडीची अख्खी बॉडीच फायबरग्लासची, तिचा हिशेब करा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा घ्या म्हणाल तर इतक्या जुन्या गाडीला ते देत नाहीत. बॉक्सस्टरला थर्ड पार्टीच १५०० सीसीच्या वरच्या दराने, ७८९७ रुपये. ती रक्कम तुम्हाला टोचणार नाही, पण ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा आकडा पाहून पाणी मागाल.

सावदेकर
बॉक्सस्टरचं सांगतो. मुंबईला जाऊन पाहून आलो. दोन डिक्या, पुढे एक मागे एक, मिळून माझ्या गरजेला पुरेशा. गाडी अप्रतिम. पण वजन तेराशेच्या वर, म्हणजे हलकी म्हणावी का हाच प्रश्न. आणि सर्व्हिसला मुंबई. दर वेळी गाडी ट्रेलरवर घालून कसारा घाट उतरवायचा, हे ऐकूनच मिसेस म्हणाल्या की त्यापेक्षा मुंबईतच ठेवा आणि तुम्ही रेल्वेने जाऊन भेटा. भुसावळहून गाड्यांची कमी नाही. बॉक्सस्टर बाद.

आता मोजणी. अभियंता साहेबांचा निरोप शब्दशः पाळला. पोराला घेऊन पहाटे निघालो. सोबत सरळ फळी, पाण्याची लेव्हल, टेप आणि वही. फळी गतिरोधकाच्या माथ्यावर लेव्हलमध्ये धरायची, आणि तिच्या टोकापासून रस्त्यापर्यंत टेप सोडायचा. पोरगा वाचतो, मी लिहितो. एका गावात टपरीवाला पुढे आला, 'काय मोजून राहिले भाऊ, रस्ता रुंद होणार का?' मी नाही म्हणालो तर त्याचा विश्वास बसेना. जाईपर्यंत तीन जणांनी विचारलं की कोणाची भिंत जाणार. एकाने तर दुकानाचा ओटा सात-बाऱ्यात आहे असं आपणहून सांगितलं.

निकाल असा. मोठ्या रस्त्यावरचे बहुतेक रुंद आणि सभ्य आहेत, साहेब म्हणतात तसे. अडचण शेवटच्या टप्प्यात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिमेंटची पट्टी आहे, मंदिराच्या ट्रस्टने टाकलेली. रुंदी पाऊण हात, उंची १६ सेंटिमीटर. दुकानाच्या बोळात अजून एक, १५ ची. म्हणजे मधला सगळा रस्ता पास आणि दोन्ही टोकं नापास. घरातून निघायला आणि दुकानात पोचायलाच गाडी घासणार.

निवृत्त_अभियंता
शाब्बास. इतकी मोजणी आमच्या खात्यात कोणी केली असती तर. पट्टी १६ ची असेल तर ट्रस्टला अर्ज द्या, दोन्ही बाजूंनी डांबराचा उतार करून मागा. दीड-दोन मीटर उतार मिळाला तर तुमची आणि गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांचीही सोय होईल. खर्च तुम्ही द्या म्हणजे ठराव लवकर होतो.

बिबडे
फॉर्च्युनरचा विषय मी परत काढत नाहीये, पण साहेब सोळाचं गणित तिला लागू करतील का?

खानदेशकन्या
सावदेकर, सरळ विचारते. तुम्हाला दोन सीट का हव्यात? हलकी, हाताच्या गिअरची, वळणाला मजा देणारी हवी हे समजलं. पण दोन सीटचा हट्ट मला कळला नाही. आमच्या घरी दोन सीटची होती त्या काळात आम्ही भरीताच्या कार्यक्रमाला गेलो तरी वांगी आणि मी एकदम येऊ शकत नव्हतो. एका फेरीत वांगी, दुसऱ्या फेरीत मी.

सावदेकर
ताई, खरं सांगायचं तर पाच सीट असल्या की गाडी माझी राहत नाही. कोणीतरी म्हणतंच, 'जातोच आहेस तर याला सोड, ते घेऊन ये.' मागची सीट असली की तीत खताची गोणी येते. मी ठिबकचा व्यापारी, माझ्या प्रत्येक गाडीत आजवर पाइपाचे तुकडे निघालेत.

खानदेशकन्या
मग तीन दाराची बघा. मागे बसायचं नाव कोणी काढणार नाही.

औट्रमघाट
तीन दाराची पोलो जीटीआय आली होती २०१६ ला, १.८ टीएसआय, १९२ पीएस. मोजक्याच आल्या. मिळाली तर नशीब, पण वर्कशॉपला तिचे काही भाग शोधावे लागतात. त्यापेक्षा साधी १.० टीएसआय मॅन्युअल घ्या. किंवा आय-२० एन लाइन, किंवा टाटाची अल्ट्रोझ रेसर, ती २०२४ ला आली, १.२ टर्बो, १२० पीएस, सहा गिअर, पोट १६५ मिलिमीटरवर. तुमच्या १६ च्या पट्टीवर जेमतेम, पण ट्रस्टने उतार केला तर निवांत. अल्ट्रोझला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे, डॉक्टरसुद्धा गप्प बसतील.

डॉक्टर_धुळे
बसलो.

नॉर्विचकर
एक सूचना, कोणतीही घ्या. टायर चांगले टाका आणि मोठे टाकू नका. आपल्याकडे हौस म्हणून सतरा इंची अलॉय बसवतात, गाडी जड होते, कडक होते आणि खड्ड्यात रिम वाकते. कंपनीच्या मापाचे, चांगल्या रबराचे, ताजे बनलेले टायर. पैसे तिथे घाला. हलक्या गाडीची निम्मी मजा टायरमध्येच आहे.

गॅरेजवाला_खडका
हे बरोबर. आणि टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. दुकानदार सवलत देतो तो टायर बहुतेक जुना असतो. सावदेकर, स्टॉर्मचं काय केलं?

सावदेकर
स्टॉर्मवाल्याकडून फोटो मागवले. बाहेरून गाडी गोड दिसते. चासी नंबरचा फोटो मागितला तर म्हणे 'तो भाग वेल्डिंगमध्ये झाकला गेलाय, आल्यावर दाखवतो'. कर भरल्याची पावती मागितली तर 'गाडी मित्राच्या नावावर आहे'. मित्र दुबईला.

कागदपत्रं
सोडा.

गॅरेजवाला_खडका
सोडा. चासी नंबरवर कोणी वेल्डिंग करत नाही. करतो तो कारणाने करतो.

सावदेकर
सोडली. वाईट वाटलं, लपवत नाही. मिसेसना सांगितलं तर म्हणाल्या, बरं झालं, त्या गाडीला गोव्यातच बरं.

आता मनात पाच सीटचे तीन उमेदवार शिल्लक राहिलेत. पोलो, आय-२०, अल्ट्रोझ. स्विफ्टचंही डोक्यात आहे, औट्रमघाट भाऊंनी वजनाचं जे लिहिलं ते झोपेत आठवतंय. मंदिराच्या ट्रस्टला अर्ज दिलाय. अध्यक्ष म्हणाले, उताराचा खर्च तुमचा आणि वर नावाची पाटी नको. चालेल म्हटलं.

औट्रमघाट भाऊ, तुमची पोलो घाटात एकदा चालवून पाहायची होती. हातात गिअर आणि समोर वळण असं एकदा झालं की बाकीच्या दोघींशी तुलना करता येईल.

औट्रमघाट
या की. रविवारी सकाळी सहाला चाळीसगाव बायपासच्या पंपावर. साडेसहाच्या आत घाट चढलो तर पर्यटक मंडळी उठायच्या आधी खाली येऊ. पेट्रोल तुमचं, नाश्ता माझा.

बिबडे
मी मागच्या सीटवर बसू का?

सावदेकर
याचसाठी मला दोन सीटची हवी होती.